शेवाळाकडून लागलेलं नातं

सर्व सोयऱ्याधायऱ्यांस, भाऊबंदांस व लग्नाच्या वयाच्या मुलामुलींच्या पालकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, या पृथ्वीच्या पाठीवर उभी असलेली यच्चयावत झाडे, झुडपे, वेली, गवते व मेथीच्या जुडीसह सर्व भाजीपाला ही पाण्यातल्या हिरव्या शेवाळाची संतती आहे. ही गोष्ट शास्त्रास मान्य आहे. तथापि, सुपारी फुटेपर्यंत ती मुलीच्या घरी सांगण्यास सक्त मनाई आहे.

ही मनाई मीच घातली आहे आणि ती घालण्याचा अधिकार मला अनुभवाने मिळालेला आहे. कुणाला शंका असेल त्याने माझ्या बायकोला विचारावं. ती हसत सुटेल आणि तुम्हाला उत्तर मिळणार नाही, पण शंका फिटेल.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दिवाळी नुकतीच आटोपली होती आणि तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं जमवायला मोकळीक, म्हणून आमचे मामा आधीपासूनच कंबर कसून बसले होते. वडील मी लहान असतानाच गेले. त्यामुळे माझं जे काही व्हायचं ते मामांच्या हातून. आम्ही तिसगावच्या बाजूचे, कोरडवाहू माणसं. मी शिकलो आणि नगरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर झालो. म्हणजे प्राध्यापक वर्गात शिकवायचे आणि मी प्रयोगशाळेत कांद्याचा पापुद्रा काचेवर कसा ठेवायचा ते मुलांना दाखवायचो. नोकरी पक्की होती, पगार वेळेवर होता. अडचण एकच होती. मी नेमकं काय करतो हे जिल्ह्यात कुणालाच कळत नव्हतं.

गावात मला झाडपाल्याचा मास्तर म्हणत. मी सुट्टीला गेलो की म्हातारी माणसं धोतर वर करून गुडघे दाखवायची आणि कोणता पाला बांधू म्हणून विचारायची. पहिलं स्थळ याच घोळात गेलं. मुलीच्या बापाने विचारलं, "वैद्य हाय का?" मामा म्हणाले, "न्हाई." "मंग शेतकी कालिजात हाय?" "न्हाई." "मंग झाडाचं करतो तरी काय?" मामा टोपी सारखी करून उठले, मागोमाग मीही उठलो. दुसऱ्या ठिकाणी मी शहाणपणा करून सांगितलं की मी झाडांचे अवयव शिकवतो. त्या घरातल्या बायका आत जाऊन इतक्या खुदखुदल्या की बैठक तिथेच उठली.

तिसरं स्थळ श्रीगोंद्याकडचं. पाटाचं पाणी, ऊस, दारात बैलगाड्या, कारखान्याचा भोंगा घरात ऐकू येणारा. आमच्या मानाने फार मोठं घर. मामांनी या वेळी सगळं आधीच पक्कं केलं होतं. गाव, कूळ, देवक, सगळं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या लोकांत प्रत्येक कुळाचं एक देवक असतं. बहुतेक करून ते झाड असतं. लग्नात त्या झाडाची डहाळी आणून मांडवाच्या खांबाला बांधतात, एरवी त्या झाडाला कुऱ्हाड लावत नाहीत. ज्यांचं देवक एक, ती माणसं एका रक्ताची, एकमेकांचे भाऊबहीण. त्यांच्यात सोयरीक होत नाही, झालीच तर ती बुडाली म्हणून समजायचं. आमचं देवक कळंब, त्यांचं मोरवेल. एक उभं झाड, दुसरी कुंपणावर चढणारी वेल. कुठे काही अडण्याचं कारणच नव्हतं. मामा एसटीत मला म्हणाले, "तू फक्त तोंड बंद ठेव. चहा पी, पोरगी बघ, सुपारी फुटंल. बाकी मी हाय."

आता मी तोंड बंद ठेवतो म्हणजे काय, हे मला ओळखणाऱ्यांनी स्वतःच्या मनात ठरवावं.

शिवाय मी एक चूक खांद्याला अडकवून नेली होती. आदल्या दिवशीच मी मुलांची सहल घेऊन भंडारदऱ्याहून परतलो होतो. तिथे कातळावर हिरव्यागार मखमलीसारखं जे उगवतं ते खरवडून वर्तमानपत्राच्या कागदात बांधून आणलं होतं. आपल्याकडे विहिरीत असतं त्यालाही शेवाळ म्हणतात आणि दगडावर असतं त्यालाही. पण हे दगडावरचं वेगळं, त्याला आम्ही मॉस म्हणतो. ती पुडी माझ्या शबनम पिशवीत तशीच राहिली होती. त्या काळात शिकलेल्या माणसाच्या खांद्याला शबनम हवीच. ती नसली तर डिग्री खोटी वाटायची.

ओसरीवर सतरंज्या अंथरल्या होत्या. मुलीचे वडील किडकिडीत, हसरे, कुणीही काही बोललं तरी मान डोलावणारे. ते घरात असून नसल्यासारखे. खरे मालक त्यांचे थोरले भाऊ, मुलीचे मोठे चुलते. सगळं गाव त्यांना आबा म्हणे. पांढऱ्या मिशा, पिळाचं मुंडासं, आवाज खालच्या पट्टीत. भावकीत तंटा झाला, कुणाचं कुणाशी जमतं आणि कुणाचं जमत नाही असा प्रश्न आला, की आसपासच्या गावांतून माणसं आबांकडे यायची. त्यांनी "जमतं" म्हटलं की जमलं. "न्हाई" म्हटलं की ब्रह्मदेवाने मांडव घातला तरी उपयोग नाही. त्यांच्याभोवती भावकीतली चार-पाच माणसं भिंतीला टेकून बसली होती. आतल्या दाराच्या चौकटीमागे बायका होत्या. त्या दिसत नव्हत्या, बांगड्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

मुलगी पोहे घेऊन आली. मी मामांच्या आज्ञेप्रमाणे तोंड बंद ठेवून खाली बघत होतो. घाम पुसायला पिशवीतून रुमाल ओढला आणि त्याच्याबरोबर ती कागदाची पुडी बाहेर आली, सतरंजीवर पडली आणि उघडली. आत काळपट, सुकलेला, चुरगळलेला भुगा.

आबांनी मान पुढे केली. "पाव्हनं तपकीर वढत्यात व्हय?"

"न्हाई न्हाई, निर्व्यसनी हाय पोरगं," मामा घाईने म्हणाले.

"मंग हे काय?"

"शेवाळ आहे," मी म्हणालो.

"वाळल्यालं शेवाळ? ते कशाला बाळगलं?"

"वाळलेलं नाही आबा," मी म्हणालो आणि मला मनातून कुणीतरी रंगमंचावर ढकललं. "झोपलंय."

मामांनी डोळे मिटले. मी मुलीकडे बघून म्हटलं, "जरा तांब्याभर पाणी मिळेल का?" तिने तांब्या आणला. मी पोहे संपवून बशी पुसली, त्यात तो भुगा ठेवला, वर पाणी शिंपडलं आणि हाताची घडी घालून बसलो. भिंतीला टेकलेले मान लांब करून बशीकडे बघू लागले. माझ्या मनात धाकधूक होती. एखादं मॉस खरंच मेलेलं असतं, आणि मेलेलं असेल तर पाण्याचा हंडा ओतूनही ते उठत नाही.

पण भंडारदऱ्याच्या कातळाने माझी लाज राखली. आखडलेली पानं आधी हळूहळू सुटली, मग पसरली. काळपट रंग जाऊन आतून हिरवा वर आला. बघता बघता बशीत एक इवलंसं रान उभं राहिलं. ओसरीवरची माणसं गुडघ्यांवर पुढे सरकली. मुलगी खरं तर आत जायला हवी होती. ती तशीच उभी राहिली होती. मग सगळ्यांच्या देखत वाकली, बशीत नाक घालेल इतकी वाकली, आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "उठलं की!"

झालं. मी तिथेच ठरवलं की लग्न करीन तर हिच्याशीच. आजवर मी प्रयोगशाळेत मुलांना किती वेळा हा खेळ दाखवला होता, पण कुणी असं वाकलं नव्हतं. मामांच्या भाषेत पोरगी पसंत होती. माझ्या भाषेत मी पार आडवा झालो होतो.

"हे लई झ्याक हाय," आबा म्हणाले. "आसं तुमी पोरान्ला शिकवता?"

"हे तर काहीच नाही," मी म्हणालो. मामांनी मला चिमटा काढला तो याच वेळी. पण मुलगी आता चौकटीशी थांबली होती आणि ती ऐकत होती, हे मला दिसत होतं. चिमट्याने मला काय होणार?

मी उठून अंगणातल्या गुरांच्या हौदाशी गेलो. बाही वर करून हात घातला आणि शेवाळाचा एक झुबका उपसला. पाण्यात ते लांबसडक केसांसारखं मोकळं पसरलेलं होतं. बाहेर काढताच त्याचा लिबलिबीत गोळा झाला. मी तो दुसऱ्या बशीत ठेवला आणि सगळ्यांपुढे फिरवला.

"बघा याची अवस्था," मी म्हणालो. "पाण्यात होतं तोवर राजा होता. पाणीच त्याला उभं धरायचं, पाणीच पाजायचं, पाणीच अंग ओलं ठेवायचं. बाहेर काढलं की उभं राहायला हाड नाही, धरून ठेवायला पाय नाही, आणि उन्हात दुपारपर्यंत वाळून पापड. एके काळी या पृथ्वीवर जमीन नुसती उघडीबोडकी होती. गवताचं पातंसुद्धा नव्हतं. जे काही हिरवं ते सगळं पाण्यात."

"दुष्काळ हुता म्हना की," मुलीचे वडील मान डोलावत म्हणाले.

"दुष्काळच. कोट्यवधी वर्षांचा. मग काठावरची डबकी आटायला लागली. काठावरच्या शेवाळातलं पुष्कळ मेलं. पण एखाद्याच्या अंगावर जरा तेलकट पातळ कातडी होती. ते वाळायचं वाचलं. त्याच्या पोराबाळांत ती कातडी आणखी जाड झाली. मग श्वास कोंडला, म्हणून त्या कातडीला बारीक खिडक्या पडल्या, हव्या तेव्हा उघडायच्या, ऊन झालं की लावून घ्यायच्या. चिखलात रुतायला मुळांसारखे धागे आले. पुढे अंगात पाणी चढवायला नळ्या आल्या, उभं राहायला लाकूड आलं. एका पिढीत नाही हां. इतक्या पिढ्या लागल्या की मोजायला बसलो तर आपली हयात पुरायची नाही. आणि हे मॉस, हे जे बशीत उठून बसलंय, हे त्या पहिल्या आलेल्यांच्या घराण्यातलं. पाण्याबाहेर आलं खरं, पण याचं मन अजून पाण्यात आहे."

"ते कसं काय?" आबांनी विचारलं. त्यांनी पानाचा डबासुद्धा बाजूला सारला होता.

"याचं लग्न पाण्यावाचून लागत नाही. याचा नवरदेव पोहत नवरीकडे जातो. पावसाचा थेंब, दवाचा थेंब, काहीतरी ओल लागते. तेवढ्यातून त्याची वरात पोहत निघते."

भिंतीला टेकलेल्यांतला एकजण म्हणाला, "आन् पाऊस न्हाई पडला तर?"

"तर मुहूर्त टळला."

"आमच्यावानीच की!" तो म्हणाला आणि ओसरी हसली. चौकटीमागच्या बांगड्याही हसल्या.

मग मी थांबतो कसला? मी त्यांना सांगितलं की नंतरच्या झाडांनी ही पाण्याची भानगडच मिटवून टाकली. नवरदेवाला पराग नावाच्या डबीत बंद करून वाऱ्यावर सोडला, माशीच्या पाठीवर बसवला. आणि लेकराला बी नावाच्या पेटीत घालून बरोबर शिदोरी बांधून दिली, म्हणजे कुठेही पडलं तरी चार दिवस खाऊन उभं राहील. मामांच्या पोह्यांतला भुईमुगाचा दाणा फोडून दाखवला, त्यातला इवला अंकुर दाखवला, शिदोरीच्या दोन डाळी दाखवल्या. आबा तो दाणा तळहातावर घेऊन बराच वेळ बघत बसले. मी शेवटी दोन्ही हात पसरून म्हणालो, "तर आबा, तुमचा ऊस काय, बांधावरची बाभळ काय, वड काय, पिंपळ काय, हे सगळे त्या हौदातल्या शेवाळाच्या वंशातले. एका आईची लेकरं!"

टाळ्या पडायच्या जागी काहीच पडलं नाही.

आबांनी भुईमुगाचा दाणा बशीत ठेवला. "सगळी झाडं?"

"सगळी."

"कळंबसुदा?"

"कळंबसुद्धा," मी उत्साहाने म्हणालो. तेव्हाच मामांच्या घशातून एक आवाज आला, पण मला उशिरा कळलं.

"आन् मोरवेल?"

आता मला कळलं. पण जीभ आधीच सुटली होती. "मोरवेल पण," मी म्हणालो.

आबांचा हात मिशीवर गेला. त्यांना राग आला नव्हता, हे मुद्दाम सांगतो. ते खरोखर बुचकळ्यात पडले होते. गावोगावच्या भावकीचा गुंता सोडवणारा माणूस. त्यांच्यापुढे आज एक नवीनच गुंता येऊन पडला होता आणि तो त्यांच्याच घरचा होता.

"म्हंजी," ते सावकाश म्हणाले, "कळंबाची आन् मोरवेलीची आई येकच."

"आई नाही, आबा. पणजी, खापरपणजी, तिच्याही पलीकडची..."

"पन येकच."

"तशी एकच."

"मंग तुमचं द्येवक आन् आमचं द्येवक भाऊबहीन लागलं. भावकीत सोयरीक कशी करायची?"

मुलीचे वडील सवयीने मान डोलावू लागले आणि मध्येच थांबले. त्यांना काय डोलावावं ते कळेना. भिंतीला टेकलेले सरळ बसले. चौकटीशी मुलगी होती ती अर्धी आत गेली. माझ्या हातातून माझं लग्न बशीतल्या शेवाळासारखं निसटत चाललं होतं.

"आबा," मी म्हणालो, "हे फार फार जुनं आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं."

"नातं जुनं झालं म्हनून तुटतं व्हय?" आबा म्हणाले. "आमचे मूळपुरुष कवा आले कुनाला ठावं न्हाई. तरी भावकी ती भावकीच. तुमीच सांगा मास्तर, तुमचं शास्तर काय म्हनतं? कितव्या पिढीला नातं तुटतं?"

वाचकहो, मी आजही या प्रश्नाचा विचार करतो. बीएस्सीला, एमएस्सीला मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. शेवाळ कोणत्या दिवशी शेवाळ राहिलं नाही आणि मॉस झालं? कोणत्या आईला आपलं पोर परकं वाटलं? असा दिवस नाहीच. प्रत्येक पोर आपल्या आईसारखंच होतं, आणि तरी एका टोकाला हौदातला लिबलिबीत गोळा आणि दुसऱ्या टोकाला वड. मधली रेघ ओढायची कुठे? मी तिथे त्या ओसरीवर, पोह्यांच्या बशीसमोर, स्वतःच हरवून गेलो. मला कळेना की मी आबांना समजावतोय की आबा मला.

"तसं तुटत नाही," मी खरं ते सांगून टाकलं.

"गेलं," मामा पुटपुटले.

मग मामा मैदानात उतरले. "आबा, हे शेवाळ म्हंजी ते तिकडचं, विलायतेतलं. पुस्तकातलं. आपल्याकडचा कळंब इथलाच, आपल्या मातीतला."

"मंग इथं पैला कळंब कुठनं आला?" आबांनी शांतपणे विचारलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मामांकडे पाहिलं. कळंब कुठून आला हे सांगायला गेलो असतो तर आणखी पाच मिनिटांत आम्ही परत त्याच हौदात पडलो असतो.

"ही नुसती कल्पना आहे," मी घाईने म्हणालो. "शास्त्रज्ञांचा अंदाज. चुकीचाही असेल."

"म्हंजी कालिजात पोरान्ला खोटं शिकवता?" आबांच्या आवाजात पहिल्यांदाच नाराजी आली. "आन् त्याचा पगार घेता?"

मी परत खऱ्यावर आलो, कारण खोटा ठरणं जास्त महागात पडत होतं. "नाही, नाही. खरंच आहे."

"मंग द्येवक येक."

आता मला वाटलं, निदान शास्त्रानेच आपली सुटका होईल. म्हणालो, "आबा, तसं बघितलं तर सगळ्यांचं नातं सारख्या अंतराचं नाही. कुणी जवळचं, कुणी लांबचं."

आबांचा चेहरा उजळला. त्यांनाही हे मोडायचं नव्हतं, हे मला त्या क्षणी दिसलं. त्यांना फक्त जमवायला एक धड आधार हवा होता. "हां! आता बोलले. मंग कळंब आन् मोरवेल, ह्यांचं लांबचं असंल?"

इथे सज्जन माणूस काय म्हणाला असता? "फार लांबचं," असं म्हणून चहा मागवला असता. पण मी डेमॉन्स्ट्रेटर होतो. परीक्षेत उत्तर चुकीचं लिहिणाऱ्या पोरांचे मी गुण कापत आलो होतो. माझ्या तोंडून निघालं, "तसं... जवळचंच. दोघंही फुलांची झाडं. दोघांच्याही बियांत दोन दोन डाळी, या भुईमुगासारख्या. बशीतल्या मॉसशी तुलना केली तर ते सख्खे..."

मामांनी माझ्या मांडीवर थाप मारली. ती थाप अख्ख्या ओसरीला ऐकू गेली.

"सख्खे," आबांनी शब्द उचलला आणि खाली ठेवला.

भिंतीला टेकलेल्यांतल्या एकाला आता भीती वाटू लागली होती. "मास्तर, आमचं द्येवक झाड न्हाई. मोराचं पीस हाय. आमी तर सुटलो ना?"

मी तोंड उघडलं. मोर, माणूस, कळंब, शेवाळ, सगळं मागे जाता जाता कुठे भेटतं ते मला माहीत होतं. मामा माझ्या कानात म्हणाले, "मोराला हात लावशील तर इथनं चालत तिसगावला जाशील."

मी तोंड मिटलं. तो माणूस अधिकच घाबरला. "बोलंनात की हे!" तो शेजाऱ्याला म्हणाला. शेजारी म्हणाला, "न्हाई बोलले म्हंजी तुमचं बी गेलं." "माझ्या पोराचं तर गेल्या साली झालंय!" "त्यांचं द्येवक काय?" "उंबर." "मंग उंबर बी ह्यातच!" आणि त्यांच्यात कुजबुज सुरू झाली. कोण कोणाचा काय लागतो, कोणाचं लग्न आता लग्न राहिलं नाही, कुणाचे व्याही आता भाऊ झाले. दहा मिनिटांपूर्वी सुखाने बसलेली ती माणसं माझ्या एका व्याख्यानाने आपापल्या घरांची मोडतोड करत बसली होती. एकजण तर विड्याचं पान हातात घेऊन त्याकडे संशयाने बघत होता. हे पण नात्यातलं, आता खावं की नाही?

आबा उठून उभे राहिले. त्यांनी मुंडासं नीट केलं. ते माणूस म्हणून दुखावले होते आणि न्यायाधीश म्हणून अडकले होते.

"पाव्हनं," ते मामांना म्हणाले, "तुमचं घर चांगलं. पोरगा हुशार, खोटं बोलत न्हाई. आमाला पसंत हाय. पन त्यानं सोताच्या तोंडानं सांगितलं, द्येवक येक. आता म्या जमतं म्हनलो तर उद्या चार गावची लोकं मला इचारतील. म्या काय सांगू? सुपारी आज फुटायची न्हाई."

आजची न्हाई म्हणजे कायमची न्हाई, हे तिथल्या सतरंजीलाही माहीत होतं. मामा टोपी हातात घेऊन उभे राहिले. मुलीचे वडील माझ्याकडे असे बघत होते, जसं काही त्यांच्या विहिरीत मीच शेवाळ सोडलं होतं. चौकटीशी कुणी दिसत नव्हतं. मला वाटलं, बशीतलं मॉस उचलावं, परत कागदात बांधावं, आणि भंडारदऱ्याला जाऊन त्याच कातळावर बसावं. तिथे लग्नाला नुसतं पाणी लागतं, देवक लागत नाही.

मी शेवटचा प्रयत्न केला. "आबा," मी म्हणालो, "तुम्ही म्हणता तसं धरलं तर जगात कुणाचंच लग्न..." पण मला पुढचं नीट मांडता येईना. वर्गात शिकवतो तशी लांबलचक वाक्यं तोंडात येत होती, "सजीवांची उत्क्रांती" आणि "सामाईक पूर्वज" असे शब्द येत होते, आणि आबा मान हलवत होते. "आता कळवळून काय उपेग, मास्तर," ते म्हणाले. "शास्तर तुमचंच."

तेवढ्यात आतली चौकट भरून गेली. आबांच्या कारभारीणबाई बाहेर आल्या होत्या. मुलीची थोरली चुलती. ठसठशीत कुंकू, हाताला ज्वारीचं पीठ, कपाळावर घाम. एवढा वेळ आत भाकऱ्या थापता थापता त्यांनी हौदापासून मोराच्या पिसापर्यंत सगळं ऐकलं होतं. त्यांच्या मागे मुलगी होती. तिने पदराने तोंड झाकलं होतं, आणि ती रडत नव्हती. ती हसत होती.

सुपारी त्या दिवशी फुटली. मी काही बोललो म्हणून नाही, मामांनी काही केलं म्हणून नाही. भावकीतली माणसं हसून हसून भिंतीला धडकली, आबा आधी लाल झाले, मग पांढरे झाले, मग मिशीच्या आत हसायला लागले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने अडकित्ता मागवला. हे सगळं एका वाक्यामुळे झालं. चुलतीबाई कमरेवर पिठाचे हात ठेवून नवऱ्याकडे बघत कडाडल्या:

"आवं, सगळ्यांचंच द्येवक येक असंल तर तुमी माजे भाऊच लागले की! मंग आपल्या लेकरांनी तुमाला बाप म्हनायचं का मामा?"